पेटीतला जुना नकाशा लॅमिनेशनला देऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझं बेळगावात झेरॉक्स, लॅमिनेशन आणि प्लॅन प्रिंटिंगचं दुकान आहे. दिवसभर लोक आधार कार्ड, उतारे, मार्कशीट, घराचे प्लॅन घेऊन येतात, त्यात वर्षाकाठी एखादा असा जुना कागद येतो की तो हातात घेतल्यावर बाकीची गिऱ्हाईकं थांबवावीशी वाटतात. त्या कागदांबद्दलच लिहायचं आहे. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण लॅमिनेशनचा भाग तेवढा राहू द्या.

गेल्या मे महिन्यात एक पोरगा आला, पंचविशीतला, हातात कापडाची घडी. म्हणाला काका हे लॅमिनेट करून द्या, आजोबांच्या पेटीत मिळालं, भिंतीला लावायचं आहे. उलगडून बघतो तर सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे डोंगर, नद्या, गावं, वाटा दाखवणारा सरकारी नकाशा, एक इंचाला एक मैलवाली, स्वातंत्र्याच्या आधीची. कागदाचे तुकडे करून मागं कापडावर चिकटवलेले, मधे बोटभर फटी सोडलेल्या म्हणजे घडी कागदावर पडू नये. त्याचे आजोबा तरुणपणी सर्वेच्या पार्टीत खलाशी होते, म्हणजे टेबल, तिवई, झेंडे डोक्यावर घेऊन साहेबाच्या मागनं डोंगर चढायचं काम. पेटीत नकाशाबरोबर एक पितळेचा ओळंबा पण होता म्हणे.

मी त्याला लॅमिनेशन करून दिलं नाही. का ते सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी माझ्याच घरातली अशीच एक शीट, माझ्या वडिलांच्या मामांची, मी स्वतःच्या हातानं लॅमिनेट केली होती. तेव्हा वाटलं टिकेल. गरम रोलरमधनं काढल्यावर मागच्या कापडाची खळ सुटली, घडीच्या रेषांवर फुगे आले, कडेची हवा आत राहिली आणि दोन पावसाळ्यांत आत काळी बुरशी धरली. आता ते प्लॅस्टिक काढायला गेलं की कागदाचा वरचा थर शाईसकट निघून येतो. त्या शीटच्या उजव्या कोपऱ्यात आमच्या आजोळचं शिवार होतं, तेवढंच बुरशीखाली गेलंय. ज्या मशीनवर माझं पोट आहे त्याच मशीननं मी ती घालवली, ही गोष्ट माझ्या मनातनं जात नाही. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, जुना नकाशा लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, फ्रेम करून उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. मोठ्या फ्लॅट स्कॅनरवर किंवा प्लॅन स्कॅनरवर चारशे-सहाशे डीपीआयला स्कॅन करून घ्या, आणि मूळ कागद सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. भिंतीला स्कॅनचा प्रिंट लावा, दिसायला तोच.

तर त्या पोराची शीट स्कॅन केली, मोठ्या स्क्रीनवर लावली आणि दुकानात जे कोण होते ते सगळे वाकून बघायला लागले. हे नेहमीच होतं. माणूस पहिल्यांदा आपलं गाव हुडकतो.

ज्यांनी टोपोशीट बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सगळ्या देशाचे चार अंश बाय चार अंशाचे तुकडे केलेत, प्रत्येकाला नंबर. मग त्याचे सोळा, त्यांना ए पासून पी पर्यंत अक्षरं. मग त्या प्रत्येकाचे परत सोळा. आपलं बेळगाव ४८ आय मधे येतं. आणि गंमत बघा, साडे चौऱ्याहत्तर अंशाची रेघ शहराच्या पोटातनंच जाते, त्यामुळं हिंडलगा, उचगाव, सुळगा ही बाजू ४८ आय/५ वर आणि किल्ला, सांबरा ही बाजू ४८ आय/९ वर. एका शहरासाठी दोन शीट जोडून बघाव्या लागतात. उत्तरेला काकतीच्या पुढं सोळा अक्षांश ओलांडला की नंबरच बदलतो, हुक्केरी, निपाणी ४७ एल मधे जातात. दोन शीट शेजारी लावताना रस्ता रस्त्याला जुळला की जे समाधान होतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

रंगांची भाषा एकदा कळली की शीट वाचता येते. तपकिरी रेघा उंचीच्या, जुन्या इंच-मैलवाल्या शीटवर दोन रेघांत पन्नास फूट, नंतरच्या एकास पन्नास हजारवाल्यावर वीस मीटर. निळं म्हणजे बारमाही पाणी, काळ्या काठाचा ओढा म्हणजे पावसाळ्यापुरता. पिवळं शेत, हिरवं जंगल, लाल रस्ते आणि घरं. विहिरीला बारीक गोल. देऊळ, मशीद, चर्च, थडगं, प्रत्येकाची वेगळी खूण. डाक बंगल्याला डीबी, पोस्टाला पीओ. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे गावाच्या नावाखाली आठवडी बाजाराचा वार लिहिलेला असतो. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी भरायचा, आणि आज तो बाजार आहे की गेला, एवढ्या एका गोष्टीवरनं त्या भागाची उलाढाल कुठनं कुठं सरकली ते कळतं.

आता आपल्या भागाबद्दल. जुन्या शीटवर मी पहिल्यांदा काय बघितलं तर शहापूर. आज शहापूर म्हणजे बेळगाव, साडी घ्यायला जायचं ठिकाण, ओव्हरब्रिज ओलांडला की आलं. पण शहापूर सांगली संस्थानात होतं, १९४८ मधे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत. म्हणजे नकाशावर संस्थानाची हद्द आजच्या शहराच्या मधनं जाते. माझ्या दुकानात शहापूरचे एक आजोबा येतात, त्यांनी त्या तुटक रेघेवर बोट फिरवत सांगितलं की त्यांचे वडील कुणी विचारलं तर "आम्ही सांगलीकरांचे" म्हणायचे, आणि घर बेळगाव स्टेशनपासनं चालत जायच्या अंतरावर. नातवंडं बाजूला उभी होती, त्यांना हे माहितीच नव्हतं.

मग बाची आणि शिनोळी. आज वेंगुर्ला रोडनं निघालं की बाचीच्या पुढं पाट्यांची लिपी बदलते, राज्य बदलतं. जुन्या शीटवर तिथं तालुक्याची हद्द आहे, राज्याची रेघ नाही, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत चंदगड मुंबई राज्याकडं राहिला आणि बाकीचा बेळगाव म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावर तुमच्या पेपरात मोठमोठी माणसं लिहितात, कोर्टातला दावा २००४ पासनं आहे, त्यावर मी बोलणार नाही. मला फक्त एवढंच सांगायचंय की नकाशावर ती पाणंद, तो ओढा, ते दोन गावांचं मिळून एक देऊळ, हे सगळं त्या रेघेच्या आधीचं आहे आणि ते आजही जमिनीवर आहे, फक्त आपण बघायचं सोडलंय कारण आपले आजचे नकाशे रेघेपाशी येऊन थांबतात. इकडच्या बाजूचा नकाशा तिकडं कोरा, तिकडच्याचा इकडं कोरा.

गावांची नावं बघा. बेकिनकेरे. केरे म्हणजे कानडीत तळं, नाव कानडी आणि घराघरात मराठी बोलतात. असल्या नावांची गावं शीटवर शेजारी शेजारी आहेत, हळ्ळी आणि वाडी, कट्टी आणि गाव. इंग्रज साहेबाच्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय म्हणून स्पेलिंग विचित्र आहे, पण त्या विचित्र स्पेलिंगमधे त्या काळी लोक तोंडानं काय म्हणत होते ते अडकून राहिलंय, आणि सरकारी कागदावर नंतर नाव सुधारलं गेलं असलं तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात तेच जुनं आहे. एवढं मात्र खरं की नकाशा म्हणजे देववाणी नाही. आमच्याच शिवारातल्या एका टेकाचं नाव शीटवर भलतंच पडलंय, माझा अंदाज आहे सर्वेवाल्यानं ज्याला विचारलं तो शेजारच्या गावचा असणार.

आता विहिरीची गोष्ट सांगतो, कारण त्यासाठीच खरं तर पत्र लिहायला घेतलं.

बेळगावात रामघाट रोड सगळ्यांना माहीत आहे. पण घाट कुठं आहे विचारा, शंभरात पाच जण सांगतील. रामघाट म्हणजे बेळगावहून सह्याद्री उतरून कोकणात, वेंगुर्ल्याच्या बंदराकडं जायची जुनी वाट. बैलांचे तांडे, गाड्या, मीठ, नारळ, सुकी मासळी, पलटणीचं सामान, सगळं त्या वाटेनं. पुढं आंबोलीचा घाट झाला आणि रामघाटाची वर्दळ आटली, मग रेल्वे आली, मग काय उरलं तर शहरातल्या एका रस्त्याचं नाव. त्या पोराच्या शीटवर मात्र पश्चिमेकडं जाणारी गाडीवाट तुटक रेघेनं दाखवलेली आहे आणि तिच्या कडेला, गावापासनं लांब, शेतापासनंही लांब, माळावर एक विहिरीचा गोल. एकटा. मला तो गोल झोपू देईना. माळावर विहीर कोण कशाला खणेल?

मी, तो पोरगा आणि माझा चुलतभाऊ, तिघं एका रविवारी सकाळी निघालो. आदल्या रात्री स्कॅन गुगल अर्थवर चढवला होता, चार कोपरे जुळवून, मोबाईलवर जागा काढून ठेवली होती. तिथं गेलो तर काहीच नाही, नुसती काजूची बाग. अर्धा तास फिरलो. मग माझ्या लक्षात आलं की जुनी शीट पृथ्वीच्या जुन्या, एव्हरेस्ट साहेबाच्या मापाच्या गोलावर बांधलेली असते आणि मोबाईलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ह्या नव्या मापावर चालतं, त्यामुळं सगळंच शंभर-दीडशे मीटरनं सरकतं, नुसते अक्षांश-रेखांश उचलून चालत नाही. आमचे कोपरे आम्ही अक्षांश-रेखांशावरच बसवले होते. ज्यांना हे करायचंय त्यांनी कोपऱ्यांवर भरवसा न ठेवता जुनं देऊळ, ओढ्याचा संगम, रेल्वेचा पूल असल्या न हललेल्या खुणा धरून शीट बसवावी, क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात नीट जमतं.

तेवढ्यात एक आजीबाई शेळ्या घेऊन आल्या. "काय हुडकूलालाय रे?" म्हणाल्या. विहीर म्हटल्यावर त्यांनी काठीनंच घाणेरीच्या एका रानाकडं दाखवलं, म्हणाल्या तिकडं जाऊ नका, पोरं पडतात म्हणून फांद्या टाकल्यात. कोयत्यानं वाट करत आत गेलो. घाणेरीच्या आत दगडी बांधीव विहीर, चौकोनी, जांभ्या दगडाची, एका बाजूनं पायऱ्या उतरलेल्या. पायऱ्यांवर कुजलेल्या पानांचा गुडघाभर थर, खाली हिरवं पाणी, मे महिन्यात पाणी. काठावर दोन दगडी डोण्या, जनावरांना पाणी पाजायच्या, एक फुटलेली, एक धड. धड डोणीच्या काठावर मधोमध एक गुळगुळीत खोलगट वळण पडलेलं, बैलांनी माना टेकवून टेकवून. मी त्यात हात फिरवला, आरशासारखं गुळगुळीत. किती बैलांनी किती वर्षं पाणी प्यायल्यावर जांभा दगड असा होत असेल? मीठ घेऊन वर चढून आलेली जनावरं पहिल्यांदा थांबायची ती तिथं. आजीबाई म्हणाल्या हिला गाड्यांची बाव म्हणतात. गाड्या जाऊन किती पिढ्या झाल्या, वाट काजूच्या बागेखाली गेली, पण नाव आहे.

ते नाव कुठल्या नकाशात नाही. शीटवर नुसता गोल आहे. आणि आजीबाईंना शीट माहीत नाही. दोन्ही एकत्र आलं तेव्हा विहिरीचा अर्थ लागला. मला जे सांगायचंय ते हेच आहे, की नकाशा दुकानात कपाटात राहतो, सरकारकडं राहतो, तो आज ना उद्या कुणाला तरी मिळेल, पण "गाड्यांची बाव" म्हणणारी माणसं आता सत्तर-ऐंशीच्या पुढची आहेत.

माझ्या आत्याचं बघा. तिचं सासर घटप्रभेच्या काठी होतं, हिडकल धरणाच्या पाण्यात गेलं. धरण १९७७ मधे पुरं झालं. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, फोटो तुम्ही दरवर्षी छापता, लोक गाड्या काढून बघायला जातात. पण देऊळ म्हणजे गाव नव्हे. मी धरणाच्या आधीची ४७ एल ची शीट मिळवली, प्रिंट काढून आत्याकडं घेऊन गेलो. तिला इंग्रजी वाचता येत नाही, नकाशा म्हणजे काय तेही धड ठाऊक नाही. मी नावं वाचायला लागलो तर म्हणाली नावं राहू दे, नदी कुठं वळलीया ते दाव. मी नदीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट धरलं, वळणावळणानं वर नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं. हितं. हितं पाणी घोड्याच्या नालासारखं वळायचं आणि वळणाच्या पोटात आमचा मळा. तिथनं मग तिनं सांगायला सुरुवात केली ती संध्याकाळी दिवे लागले तरी थांबली नाही. धुणं कुठं, म्हशी कुठं बसायच्या, उतार कुठं होता, पलीकडच्या गावचा बाजार कधी असायचा आणि पाणी असेल तेव्हा कुठल्या वाटेनं जायचं. मी एका कागदावर खुणा करत गेलो, चौतीस नावं झाली, नुसत्या एका गावच्या शिवाराची. वाघजाईचं खडक, तांबडीची पट्टी, मठाचा मळा, बुडकीचं रान. पन्नास वर्षं पाण्याखाली असलेल्या जमिनीची नावं एका बाईच्या डोक्यात जशीच्या तशी होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. नवीन गावठाणात प्लॉट मिळाला, नंबर मिळाला, शिवार गेलं.

असंच मलप्रभेवर नवीलतीर्थ धरणाखाली. तिथली माणसं बहुतेक कानडी बोलणारी, पण दुःख तेच आहे, आणि धरणाआधीच्या शीटवर त्यांचीही गावं आहेत. आपल्यातल्या कुणी कानडी मित्राला त्या शीटचा प्रिंट काढून दिला तर त्याच्याही घरात एक संध्याकाळ अशी जाईल.

खानापूरच्या जंगलाबद्दल दोन शब्द. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. तिथनं फार लांब नाही, भीमगडाच्या रानात देगावजवळ म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात जाऊन मांडवी होते. म्हादईच्या भांडणावर रोज बातम्या येतात पण लोकांना तो भूगोल डोळ्यापुढं येत नाही. शीटवरच्या तपकिरी रेघांवर बोट ठेवून डोंगराची धार शोधा, एका अंगाचा पाऊस बंगालच्या उपसागरात आणि दुसऱ्या अंगाचा अरबी समुद्रात, असं ते उघड दिसतं. आणि १९६१ च्या आधीच्या शीटवर त्याच डोंगरात परदेशाची सरहद्द आहे, पोर्तुगीजांची. रेल्वेनं गोव्याला जाणारा माणूस कॅसलरॉकला देश सोडायचा.

ह्याच भागात बेचिराख गावं आहेत. महसूल खात्याच्या यादीत आजही असतात, नाव आहे, हद्द आहे, सर्व्हे नंबर आहेत, माणूस एक नाही. बेचिराख म्हणजे बे-चिराग, दिवा न लागणारं. कुठं १८७६ ते ७८ च्या दुष्काळात लोक गेले, कुठं प्लेगात माळावर खोपी टाकून राहिले ते परत आलेच नाहीत, जंगलपट्ट्यात हिवतापानं घरंच्या घरं रिकामी झाली. गावाची पांढर म्हणजे वस्तीची जागा ओस पडली, काळी म्हणजे शेतजमीन शेजारच्या गावानं कसली. शीटवर असल्या ठिकाणी नुसतं एक देवळाचं चिन्ह असतं, आजूबाजूला घर नाही. जाऊन बघितलं तर चिंचेची जुनी झाडं असतात, जोत्याचे दगड असतात, एखादं जातं पडलेलं असतं, आणि शेजारच्या गावचे लोक वर्षातनं एकदा तिथं नारळ फोडायला येतात पण का ते त्यांनाही आता सांगता येत नाही. घरात विचारा, तुमच्या आडनावाच्या गावाला माणसं आहेत का. माझ्या एका गिऱ्हाईकाला आडनावाचं गाव यादीत बेचिराख म्हणून सापडलं, तो माणूस दुकानात स्टुलावर बसूनच राहिला.

कुणी म्हणेल हे सगळं हौसेचं झालं, उपयोग काय. उपयोग आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एकाच्या नव्या घरात कमरेएवढं पाणी होतं. त्यानं प्लॉट घेताना लेआउटचा प्लॅन माझ्याच दुकानात प्रिंट केला होता, रंगीत, गार्डनसकट. पुरानंतर मी जुनी शीट काढून दाखवली, त्याच जागेवर नाल्याचं वेटोळं आहे, काठाला ओलीची खूण आहे. बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याच्या काठचे शेतकरी हे ओरडून सांगत होते की नाल्याला त्याची जागा सोडा. शेतकऱ्याच्या बोलण्याला कागद नव्हता, आणि कागद होता तो कपाटात होता. प्लॉट घ्यायच्या आधी पन्नास रुपयांचा प्रिंट काढून बघा, एवढं तरी करा.

मिळवायचं कुठनं, हा प्रश्न सगळे विचारतात. आजच्या टोपोशीट सर्वे ऑफ इंडियाच्या वेबसाइटवरनं नोंदणी करून घेता येतात, २००५ च्या नकाशा धोरणात ओपन सिरीज म्हणून त्या लोकांसाठी वेगळ्या काढल्या. जुन्यांपैकी एकास अडीच लाखवाल्या, अमेरिकन लष्करानं १९५० च्या दशकात आपल्याच सर्वेवरनं छापलेल्या यू५०२ सिरीजच्या शीट टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत, त्यात अख्खा देश आहे, आपला भागही आहे. बारीक विहिरी त्यात नाहीत पण गावं, वाटा, घाट आहेत. इंच-मैलवाल्या शीट मात्र बऱ्याचदा लोकांच्या घरातच सापडतात, निवृत्त सर्वेवाले, फॉरेस्टवाले, पीडब्ल्यूडीवाले, जुन्या शाळांची कपाटं. आणि गावाचा स्वतःचा गावनकाशा वेगळा, तो भूमापन खात्याचा, साखळीनं मोजलेला. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. तुमच्या उताऱ्यावरचे गुंठे आजही त्याच साखळीचे आहेत. गावनकाशात बांध दिसतात, टोपोशीटमधे डोंगर दिसतो, दोन्ही शेजारी ठेवून बघावं.

आता संपादक साहेब, तुमच्याकडं एक मागणी. आठवड्यातनं एकदा, रविवारच्या अंकात आतल्या पानावर का होईना, चार इंचाची जागा द्या. एका आठवड्याला एक गाव. त्या गावच्या लोकांनी आपल्या शिवाराची नावं पाठवायची, टेक, ओढे, बावी, पाणंदी, माळ, जुनी पांढर, आणि प्रत्येक नावापुढं ते का पडलं ते एका ओळीत, माहीत असेल तर. सीमेच्या दोन्ही बाजूची गावं घ्या, चंदगडची पण घ्या. नाव कानडी असेल तर तसंच छापा. ज्यांच्याकडं जुन्या शीट आहेत त्यांनी माझ्या दुकानात आणाव्यात, स्कॅनचे पैसे घेणार नाही, शीट तिथल्या तिथं परत, एक कॉपी त्यांना पेनड्राइव्हवर आणि एक शहरातल्या कुठल्याही वाचनालयानं सांभाळायची तयारी दाखवली तर त्यांना. पत्ता ऑफिसला कळवलाय, विचारणाऱ्याला द्यावा.

शाळेतल्या सरांना, मॅडमना पण विनंती आहे. प्रोजेक्ट म्हणून थर्माकोलचे किल्ले, ज्वालामुखी दरवर्षी माझ्याच दुकानात प्रिंट व्हायला येतात. एका वर्षी पोरांना आपल्या गावची शीट द्या आणि आजीला घेऊन बसायला सांगा.

आत्याची चौतीस नावं मी सोबत जोडली आहेत. जागा असेल तर पहिली तीच छापा, ती या वैशाखात ८३ वर्षांची झाली आणि पेपर रोज वाचून घेते. गाड्यांच्या बावीवर आम्ही पुढच्या रविवारी परत जाणार आहोत, पाऊस लागायच्या आत पायऱ्यांवरचा पाला काढायचा आहे, खोरी आणि टोपल्या घेतल्यात, दोन माणसं अजून मिळाली तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, बेळगाव